इसबगोल घेताना कुठं चुकतं: पाणी, माप, वेळ आणि क्रम

चोपडा तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे. रोज इसबगोलाचे दोन-चार डबे जातात, आणि त्यातली बरीच मंडळी महिन्याभरात तक्रार घेऊन परत येतात. "भाऊ, त्यानं तर अजूनच जाम झालं." "रात्री घेतलं, सकाळी काहीच नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेतलं." कोलेस्टेरॉलसाठी घेणारे आठवड्यातून दोनदा आठवण झाली की एक चमचा घेतात आणि सहा महिन्यांनी रिपोर्ट पुढे करतात: "बघा, काही उतरलं नाही." डबा बहुतेक वेळा चांगलाच असतो. पाणी कमी पडलेलं असतं, माप अंदाजपंचे असतं, नाहीतर क्रम उलटा असतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. इसबगोल म्हणजे जुलाब नव्हे. रात्री घेतलं आणि पहाटे पळायला लागलं, असं ते काम करत नाही. आतड्यात पाणी धरून ठेवणारा तो चोथा आहे. पहिला परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागतात आणि पोटाची लय बसायला दोन-तीन आठवडे. कोलेस्टेरॉलचं तर महिन्यांत मोजायचं. हे मान्य नसेल तर डबा घेऊच नका, पैसे वाचतील.

## टप्पा १: आपण घ्यावं की नाही, हे आधी ठरवा

हा टप्पा सगळे वगळतात, म्हणून इथं जरा थांबा. पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय इसबगोल किंवा कुठलाही तंतूचा (म्हणजे फायबरचा) डबा सुरू करायचा नाही:

- शौचातून रक्त जातंय, किंवा शौच डांबरासारखं काळं होतंय. मूळव्याधच असणार असं घरी बसून ठरवू नका.
- वजन कारण नसताना उतरतंय, किंवा तपासणीत रक्त कमी निघालंय.
- वय पंचेचाळीसच्या पुढे आहे आणि शौचाची सवय अचानक बदलून दोन आठवडे झाले.
- पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वायूही सरत नाही. हे आतडं अडल्याचं लक्षण असू शकतं. अशा पोटात इसबगोल टाकणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत कणीक टाकणं. थेट दवाखाना गाठा.
- घास गिळताना अडकतो, लकवा होऊन गेलाय, किंवा अन्ननलिका वा आतडं अरुंद असल्याचं आधी सांगितलंय.
- किडनीच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलंय.

शेवटचा मुद्दा लोकांना नवा वाटतो. पाण्यावर बंधन असलेल्या माणसाला इसबगोल झेपत नाही, कारण त्याला लागणारं पाणी आणायचं कुठून?

बद्धकोष्ठ कशामुळे झालंय तेही बघा. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडोलसारखी दुखण्याची गोळी, रक्तदाबाची काही औषधं, थायरॉईडची कमतरता, हे सगळे पोट घट्ट करतात. कोडीन आणि ट्रॅमाडोलच्या बाबतीत तर आतड्याची हालचालच मंदावलेली असते, तिथं चोथा वाढवून उलट गर्दी होते. गोळी बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारणं जास्त कामाचं.

तपासून घ्या: वरच्या यादीत "हो" म्हणावं असं काहीच नाही ना? मगच पुढे.

## टप्पा २: पाच दिवस ताटाचा हिशेब ठेवा

डबा आणण्याआधी पाच दिवस वहीत लिहा: काय खाल्लं, पाणी किती पेले, शौचाला कधी, घट्ट की सैल. पाच दिवसांत बाजाराचा एक दिवस आणि घरच्या जेवणाचे दोन-तीन दिवस येऊ द्या. खोटं लिहू नका, वही कोणी तपासायला येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगितले आहेत, आणि तेही जेवणातून. आपल्याकडे खरं तर हे जड नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात, बाजरीत ११ च्या वर, न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही ११ च्या आसपास. पांढऱ्या तांदळात ३ सुद्धा नाहीत, मैद्यातही तेवढेच. अख्ख्या मुगात १७ आणि अख्ख्या हरभऱ्यात २५. भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ धरलं तर दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, दोन भाकरींत १२-१३ ग्रॅम येतात. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद असतो, म्हणजे ती मागं पडत नाही. सोबत वांग्याचं भरीत, एखादी उसळ आणि एक पेरू झाला की पंचवीसचा आकडा दिवसात गाठलाच.

मग अडतं कुठं? वहीतच दिसतं. सकाळी पोहे, अकराला चहा-खारी, दुपारी भात-वरण, संध्याकाळी शेव-मुरमुरे, रात्री शेवभाजी आणि मैदा मिसळलेली पोळी. शेव बेसनाची असली तरी खाण्यात येते मूठभर, आणि तीही तेलात न्हालेली. भाकरी हद्दपार झाली की तंतूंचा निम्मा हिशेब तिथंच संपतो.

चाळणीचंही बघा. पोळी मऊ व्हावी म्हणून गव्हाचं पीठ बारीक चाळणीनं चाळून कोंडा गुरांना घालायचा आणि मग दुकानातून तंतूंचा डबा आणायचा, हा व्यवहार मला कधी कळला नाही.

तपासून घ्या: वहीत भाकरी, अख्खं कडधान्य आणि फळ यांपैकी एकही रोज नसेल तर दोन आठवडे आधी ते दुरुस्त करा. बऱ्याच जणांचं पोट इथंच सुधारतं. कोलेस्टेरॉलसाठी घेणाऱ्यांनी मात्र जेवण सुधारूनही पुढचे टप्पे वाचावेत, त्यांचं गणित वेगळं आहे.

## टप्पा ३: कशासाठी घेताय, त्यावर डबा निवडा

"फायबर" असं ठळक छापलं की सगळं एकच, असं समजू नका. साधी परीक्षा पाण्याची आहे: पाण्यात टाकल्यावर त्याचं काय होतं ते बघा.

इसबगोलाचा भुसा पाणी ओढून जेलीसारखा होतो आणि आतड्यातले जंतू त्याला फारसं आंबवू शकत नाहीत. त्यामुळे ती जेली शेवटपर्यंत टिकते. घट्ट शौच मऊ होतं, आणि पातळ शौचातलं जास्तीचं पाणी धरलं जाऊन ते बांधलंही जातं. एकच वस्तू दोन्हीकडे चालते ती यामुळं. कोलेस्टेरॉलवर चालते तीही याच जेलीच्या जोरावर. आतड्यात उतरलेल्या पित्तातली आम्लं तिच्यात अडकून बाहेर जातात. मग यकृताला नवं पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलावं लागतं, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं.

गव्हाचा कोंडा विरघळत नाही. जाडाभरडा असेल तर शौचाचं आकारमान वाढवून पोट हलवतो. अगदी बारीक दळलेला कोंडा मात्र काही जणांना उलट घट्ट करतो. कोलेस्टेरॉलसाठी त्याचा उपयोग नाही.

इन्युलिन आणि तत्सम गोडसर पुडी जंतूंना खायला मिळतात, त्यामुळे गॅस भरपूर. ज्यांचं पोट आधीच गुडगुडतं त्यांनी दूर राहावं.

गव्हाचं डेक्स्ट्रिन चहात टाका, पाण्यात टाका, दिसत नाही, चव नाही. सोयीचं आहे, पण जेली होत नाही, म्हणून पोट साफ करायला आणि एलडीएल उतरवायला त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

ओट आणि जव यांतला बीटा-ग्लुकन हा तंतू जेली करतो आणि एलडीएलवर चालतो. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट. रोज एवढे ओट खाणारा माणूस आमच्या तालुक्यात मला भेटायचाय.

थोडक्यात, पोटासाठी असो की कोलेस्टेरॉलसाठी, आपल्या गरजेला साधा इसबगोलाचा भुसा पुरतो. डबा घेताना मागची बाजू वाचा. घटकांत इसबगोल एकटंच असावं. रंगीत, संत्र्याच्या चवीच्या डब्यात बरेचदा साखर असते, मधुमेहींनी ते परत ठेवावं. "रात्रीत पोट साफ" म्हणणाऱ्या चूर्णात सोनामुखी असते. ती आतड्याला चिमटा काढून पळवते, ती तंतू नव्हे आणि महिनोन्‌महिने स्वतःहून घ्यायची वस्तूही नव्हे. कॅप्सूलमध्ये जेमतेम अर्धा ग्रॅम भुसा बसतो. कोलेस्टेरॉलच्या मापाला त्या दिवसाला वीस गिळाव्या लागतील.

सावधान: भुसा ओतताना उडणारी धूळ श्वासात जाऊ देऊ नका. दमेकऱ्यांना आणि रोज हाताळणाऱ्यांना तिची ॲलर्जी होऊ शकते. मी स्वतः सुटा भुसा मोजून द्यायचं बंद केलं ते याच कारणानं.

## टप्पा ४: आधी पाणी मोजायला शिका

सगळ्यात जास्त चुका इथं आहेत, म्हणून या टप्प्याला जागा जास्त.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, चूर्णाची फक्की मारण्यात वाकबगार. ओवा, हिंगाष्टक, त्रिफळा, सगळं तळहातावर घ्यायचं, तोंडात टाकायचं, वर दोन घोट पाणी. इसबगोलही त्यांनी एका रात्री तसंच घेतलं. डबा माझ्याच दुकानातला. पाच मिनिटांत छातीत दगड बसल्यासारखं झालं, लाळही गिळता येईना. जळगावला नेऊन दुर्बीण टाकून तो गोळा काढावा लागला. हृदयाचा झटका नव्हता एवढंच नशीब. तेव्हापासून डबा देताना काउंटरवर मी एक प्रयोग करून दाखवतो, तुम्हीही घरी करा.

दोन पेले घ्या. एकात पाव पेला पाणी, दुसऱ्यात भरून. दोन्हींत एकेक सपाट चमचा भुसा टाका, ढवळा आणि घड्याळ लावा. पहिल्या मिनिटात दोन्ही सारखेच दिसतात, पाण्यात तरंगणारा पांढुरका कोंडा. तीन मिनिटांनी कमी पाण्याचा पेला थिजायला लागतो. दहा मिनिटांनी त्यात चमचा हलवून बघा, कालच्या खिरीसारखा जड जातो. पेला तिरपा केला तर गोळा एकत्र घसरतो, पाणी म्हणून वेगळं काही उरलेलंच नसतं. भरल्या पेल्यात मात्र पातळ, ओघळणारी पेज दिसते. तुमच्या आतड्यात यापैकी काय हवंय ते तुम्हीच सांगा.

आता माप. एका वेळच्या भुशाला किमान २४० मिली पाणी, आणि त्यावर आणखी एक पेला. घरातला पेला किती मिलीचा हे बहुतेकांना माहीत नसतं. एक लिटरची बाटली भरून घ्या आणि पेल्यात ओता. चार भरले तर पेला २५० चा. स्टीलची फुलपात्रं बहुधा लहान निघतात, सहा-सात भरतात. म्हणजे "पेलाभर पाण्यात घेतलं" म्हणणाऱ्यानं खरं तर पाऊण मापही घेतलेलं नसतं.

हे झालं घेतानाचं पाणी. दिवसभराचं वेगळं. एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो, रावेर-यावलच्या केळीबागांत आणि उघड्या शेतात काम करणाऱ्याच्या अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं. अशा शरीराला आतड्यातून पाणी ओढून घ्यावं लागतं, आणि तिथंच इसबगोलही पाणी मागत असतं. या ओढाताणीत शौच मातीच्या ढेकळासारखं होतं. उन्हाळ्यात "इसबगोलानं जाम झालं" ही तक्रार दुप्पट होते ती अशी. ताक, सरबत, पातळ वरण सगळं मोजणीत धरा. चहा धरला तरी चालेल, पण त्याच्यावर भागवू नका.

तपासून घ्या: दुपारच्या लघवीचा रंग. फिकट पिवळा असेल तर पाणी पुरतंय. गडद असेल तर त्या दिवशी भुसा वाढवायचा नाही, आणि शक्य असेल तर घ्यायचाच नाही.

## टप्पा ५: घेण्याची रीत

१. पेला पूर्ण भरून पाणी तयार ठेवा. कोमट किंवा साधं. फार गरम पाण्यात गुठळ्या होतात.

२. दुसरा पेलाही भरून शेजारी ठेवा. नंतर आणू म्हटलं की राहतो.

३. भुसा पाण्यावर पसरत टाका आणि लगेच ढवळा. उलटं, म्हणजे भुशावर पाणी, केलं की तळाशी लगदा बसतो.

४. ढवळल्याबरोबर प्या. रात्री भिजवून सकाळी घेण्याची गरज नाही. थिजलं तर आणखी पाणी घाला, चमच्यानं खाऊ नका.

५. वर दुसरा पेला प्या.

६. उभं राहून किंवा ताठ बसून घ्या, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं होऊ नका.

झोपताना अर्धा कप गरम दुधात इसबगोल घेऊन लगेच गादीवर अंग टाकणं ही आपल्याकडची सर्रास रीत. तिच्यात तीन चुका एकत्र आहेत: द्रव कमी, वर पाणी नाही आणि लगेच आडवं. दूधच हवं असेल तर भरलेला पेला घ्या, वर पाणी प्या आणि जेवणानंतर जरा फिरून येण्याच्या वेळेत बसवा.

पातळ जुलाबात दह्यात कालवून देतात. चालतं, पण तेव्हाही वर पेलाभर पाणी किंवा मीठ-साखरेचं पाणी हवंच. ताप, रक्त किंवा खूप जुलाब असतील तर दह्या-इसबगोलावर वेळ काढू नका.

सावधान: घेतल्यावर छातीत दुखणं, उलटी, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, यातलं काहीही झालं तर वरून पाणी ढकलत बसू नका. तडक दवाखाना.

## टप्पा ६: माप हळूहळू वाढवा

चमच्यावर विसंबू नका. भुसा हलका असतो, त्यामुळे सपाट चमचा आणि शिगोशीग चमचा यांत दुपटीचा फरक पडतो. माझ्याकडच्या छोट्या काट्यावर चहाचा सपाट चमचा दोन ग्रॅमच्या आसपास भरतो. बारीक पूड असेल तर तोच चमचा जास्त भरतो. स्वयंपाकघरातला काटा असेल तर एकदा तोलून चमच्याची खूणगाठ बांधा. नसेल तर कोणा ओळखीच्या सोनाराकडे जा. जळगाव जिल्ह्यात सोनाराचा काटा सापडणं काही कठीण नाही.

पहिला आठवडा: दिवसातून एकदा, २ ते ३ ग्रॅम.

दुसरा आठवडा: तेवढंच, पण दोनदा.

तिसरा आठवडा: एका वेळचं ४ ते ५ ग्रॅम, एकदा किंवा दोनदा, गरजेप्रमाणे.

बद्धकोष्ठासाठी बहुतेकांना दिवसाला ५ ते १० ग्रॅममध्ये बरं वाटतं. जिथं बरं वाटलं तिथंच थांबा. कोलेस्टेरॉलसाठी मात्र दिवसाला सुमारे १० ग्रॅम भुसा लागतो, म्हणजे त्यातले विरघळणारे तंतू ७ ग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९८ मध्ये इसबगोलाच्या डब्यावर हृदयरोगाचा धोका कमी होण्याविषयी लिहायला परवानगी दिली ती याच ७ ग्रॅमच्या मापावर, आणि तीही कमी संपृक्त चरबीच्या जेवणासोबत. हे दहा ग्रॅम एकदम न घेता दोन वेळा, जेवणाच्या आगेमागे घ्या. पित्त आतड्यात उतरतं ते जेवणाच्या वेळी, जेलीही तेव्हाच तिथं असायला हवी.

गॅस, फुगारा, पोटात जडपणा आला तर मागच्या आठवड्याच्या मापावर या आणि तिथं आठवडाभर राहा. घाबरून बंद करू नका आणि चिडून दुप्पटही करू नका. "काही होत नाही" म्हणून तिसऱ्याच दिवशी चार चमच्यांवर गेलेले लोक मी पाहिलेत. चौथ्या दिवशी ते एनिमा विचारायला येतात.

तपासून घ्या: माप वाढवण्याआधी तीन प्रश्न. पाणी वाढलं का? पोट फुगलेलं नाही ना? मागच्या मापावर सात दिवस झाले का? तिन्हींची उत्तरं पटली तरच पुढचं पाऊल.

## टप्पा ७: गोळ्यांपासून लांब ठेवा

जेली पित्त अडकवते तशी औषधही अडकवू शकते. म्हणून साधा नियम: कुठलीही गोळी आणि इसबगोल यांत किमान दोन तास.

थायरॉईडच्या गोळीला चार तास सोडा. सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेणाऱ्यांनी इसबगोल दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाला ठेवावं, म्हणजे प्रश्नच उरत नाही. लोहाची गोळी, डिगॉक्सिन, वॉरफेरिन, लिथियम, कार्बामॅझेपिन यांपैकी काही चालू असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. यांतल्या बहुतेक औषधांत थोडा फरकही महागात पडतो.

मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांसाठी आणखी एक. इसबगोलानं जेवणानंतरची साखर हळू चढते. हे चांगलंच, पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर अपेक्षेपेक्षा खाली येऊ शकते. पहिले दोन आठवडे घरच्या मशीनवर जरा जास्त वेळा बघा.

दुर्बिणीनं मोठं आतडं तपासायचं ठरलं असेल तर इसबगोल चालू असल्याचं सांगा. आधी काही दिवस ते बंद करायला लावतात, नाहीतर आतडं स्वच्छ दिसत नाही.

## टप्पा ८: फरक पडला का, ते मोजा

पोटासाठी कितीदा गेलो हे मोजण्यापेक्षा कसं झालं ते बघा. डॉक्टर मंडळी ब्रिस्टल तक्ता वापरतात, त्यात शौचाचे सात प्रकार आहेत. बकरीच्या लेंड्यांसारखं सुटं कडक म्हणजे पहिला, निव्वळ पाणी म्हणजे सातवा. आपल्याला हवा तिसरा-चौथा: आकार धरलेलं, मऊ, जोर न लावता होणारं. एक दिवसाआड झालं तरी असं होत असेल तर पोट ठीक आहे. रोज सकाळी सातला झालंच पाहिजे, हा हट्ट कित्येकांना विनाकारण चूर्णाच्या नादी लावतो.

तीन-चार आठवडे नीट पाण्यासह घेऊनही फरक नसेल तर माप वाढवत नेऊ नका. दाखवा. कधी कधी अडचण शौच पुढं सरकण्यात नसते, बाहेर टाकणाऱ्या स्नायूंत असते. तिथं तंतू काय करणार?

हृदयासाठी सुरुवातीलाच रक्ताची लिपिड (चरबीची) तपासणी करून आकडे वहीत उतरवा. मग ८ ते १२ आठवडे एकही दिवस न चुकवता योग्य मापानं घ्या आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासा. एलडीएल ५ ते १० टक्के उतरलं तर ते काम करतंय. म्हणजे १५० चं १३५-१४२ झालं तर ते यश समजा. १०० झालं नाही म्हणून डबा भिरकावू नका. ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) यांवर फारसा फरक दिसत नाही, त्यासाठी घेत असाल तर आशा सोडा. रक्तदाबावरचा परिणामही किरकोळच.

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, चालू असलेले हमखास विचारतात, "मग गोळी बंद करू का?" नाही. इसबगोल गोळीच्या सोबतीला बसतं, जागेवर नाही. एका अभ्यासात १० मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिन या स्टॅटिनसोबत दिवसाला १५ ग्रॅम इसबगोल दिलं, तेव्हा एलडीएल २० मिलिग्रॅमच्या गोळीइतकं उतरलं. डोस वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलायला हा मुद्दा उपयोगी आहे. स्वतःच्या मनानं गोळी सोडायला नाही. ज्याला झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट बसलाय, त्यानं तर याचा विचारही करू नये.

आणि डबा चालू आहे म्हणून बट्टीवर तुपाची धार दुप्पट केली, तर रिपोर्टमध्ये काय दिसणार ते सांगायला नको.

## उपवास, वारी आणि लग्नसराई

वहीतल्या शिस्तीला सुरुंग लागतो तो या दिवसांत.

निर्जळी उपवासाला इसबगोल पूर्ण बंद. फराळाच्या उपवासाला साबुदाणा आणि बटाटा यांत चोथा फारसा नसतो, त्यामुळे घ्यायला हरकत नाही, पण पाणी नेहमीचंच हवं. रोजे ठेवणाऱ्यांनी इफ्तारनंतर आणि जेवणाच्या मधल्या वेळेत, भरपूर पाण्यासोबत घ्यावं. सेहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घेऊन दिवसभर कोरडं राहायचं नाही.

चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांनी वाटचालीचे दिवस इसबगोल बाजूला ठेवलेलं बरं. डांबरावरचं ऊन, पुढचं पाणी कुठं मिळेल याचा नेम नाही, आणि शौचाची सोय त्याहून बेभरवशाची. केळी, काकडी, भाकरी यांवर ते दिवस निघतात. घरी आल्यावर तीन-चार दिवसांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर पहिल्या आठवड्याच्या मापापासून परत चढा, थेट दहा ग्रॅमवर उडी नको.

लग्नसराईत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी जेवून आल्यावर "आज जड झालं" म्हणून रात्री तिप्पट भुसा घेणारे बरेच. जड जेवणावर उतारा म्हणून तो चालत नाही. त्या रात्री पाणी प्या, थोडं चाला, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचं माप घ्या.

एखादी वेळ चुकली तर ती सोडून द्या, पुढच्या वेळी दोन एकत्र घेऊ नका. बंद करायचं असेल तर आठवड्याला एक वेळ कमी करत या, आणि तेवढ्या तंतूंचं जेवण वाढवत न्या. बंद केल्यावर एलडीएल हळूहळू पूर्वीच्या जागी येतं, म्हणून हृदयासाठी घेणाऱ्यांनी सोडण्याआधी विचारावं.

डबा झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात सुद्धा भुशात चमचा कोरडाच घाला. एकदा ओल शिरली की त्याच्या गुठळ्या होतात, मग सपाट चमचा भरतच नाही आणि माप पुन्हा अंदाजावर येतं. तसा डबा फेकून द्या आणि नवा आणा. नव्या डब्यावर उघडल्याची तारीख मार्करनं लिहून ठेवा. आमच्या घरच्या डब्यावर नानांनी तारखेच्या खाली स्वतःच्या हातानं लिहिलंय: "दोन पेले."